सुभद्राबाई पाणी का पीत नव्हत्या

इतवारी बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक पंचवीस भांडी घेतं आणि प्रत्येकावर नाव टाकून मागतं. हे नाव टाकायचं काम चौदा वर्षं सुभद्राबाईंनी केलं. दाराशी स्टुलावर बसून मशीनच्या सुईने स्टीलवर असं अक्षर काढायच्या, की दुसऱ्या दुकानातली भांडीही लोक आमच्याकडे आणायचे. सकाळी दहाला बसल्या की संध्याकाळी सातलाच उठायच्या. मला याचं भारी कौतुक. दुकानातल्या माणसांना सुनवायचो, "बसावं त सुभद्राबाईसारखं." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांना पहिला मुतखडा झाला. हातातलं पातेलं टाकून कंबर धरून त्या खाली बसल्या. मीच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रोज तीन लिटर पाणी प्या, नाहीतर खडे पुन्हा होतील. मी लगेच मोठी बाटली आणली. तिच्यावर मार्करने रेघा मारल्या, बारा वाजता इथवर, तीन वाजता तिथवर. संध्याकाळी पाहिलं तर बाटली जशीच्या तशी.

"सुभद्राबाई, पाणी प्याले काय पैसे लागते का?"

"पिऊन राहिली ना भाऊ," म्हणून त्या हसायच्या आणि पुढचं भांडं ओढायच्या.

वर्षभरात दुसऱ्या बाजूला खडा झाला. तो फोडून काढला. मग तिसरा. दर वेळी मी चार लोकांसमोर बोलायचो, वर म्हणायचो, यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुढे पुढे बाटली रोज संध्याकाळी रिकामी दिसू लागली. आपल्या बोलण्याचा उपयोग झाला म्हणून मी खूश होतो. ती बाटली दुकानापुढच्या नालीत रिकामी होत होती, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी त्यांना ताप आला, पाय सुजले. सारख्या खड्यांनी आणि इन्फेक्शननी दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. अंगात साचणारं पाणी काढायला आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागणार होतं. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो आणि काळजीपोटी का होईना, तिथंही तोंड सोडलं.

"एवढं सांगतलं, आयकलं काहून नाही तुमी?"

त्यांची मुलगी अश्लेषा उशाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "काका, सुटीच्या दिवशी आई घरी तांब्यावर तांबे पाणी पेते. दुकानात पेलं त ते जाईन कुठं?"

"चूप राय वं," सुभद्राबाई तिला म्हणाल्या.

दुकानाच्या माडीवर संडास होता. सात वर्षांपूर्वी दिवाळीच्या मालाला जागा पुरेना, म्हणून मीच तो कुकरच्या खोक्यांनी भरला. इतवारीत वीतभर जागा रिकामी ठेवणं मला पाप वाटतं. आम्हा पुरुषांचं काही अडलं नाही, कोपऱ्यावर मुतारी होती. बाई कुठं जात असेल, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही. आधी त्या मागच्या गल्लीतल्या एका घरी जायच्या, असं अश्लेषानं सांगितलं. तिथल्या बाईनं तोंड वाकडं केलं, तेव्हापासून पाणीच बंद केलं. चार पुरुषांच्या दुकानात ही गोष्ट मालकाला कोणत्या तोंडानं सांगणार? आणि मालक तर सगळ्यांदेखत पाणी प्या म्हणून ओरडणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोके काढले. दीड तासाचं काम होतं. नळ दुरुस्त केला, आतून नवी कडी लावली. मग सुभद्राबाईंच्या घरी गेलो. खोटं कशाला सांगू, जाताना मला थोडं हलकं वाटत होतं.

"वरची जागा मोकळी केली," मी म्हणालो. "कडी बी लावली. बरं वाटलं का या. आता पाह्यजे तेवढं पाणी प्या, कोणी काही म्हणणार नाही."

त्या खाटेवर बसल्या होत्या, हाताला पट्टी होती. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आवाज मऊ केला.

"चांगलं केलं भाऊ. दुसरी कोणी बाई आली त तिले होईन. मले आता डॉक्टरनं दिवसाचे तीनच पेले सांगतले. त्याच्यावर एक घोट बी नाही."