रेष तुटली, कारण लिहा

वेधशाळेत नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से साचत जातात आणि सांगायला बसलं की त्याचं त्यालाच नवल वाटतं. साठ सालच्या आगेमागे मी अकोल्याच्या एका छोट्या वेधशाळेत होतो. हे सगळे किस्से तिथल्या एकाच उन्हाळ्याचे. त्या उन्हाळ्यात आमचे मुख्य निरीक्षक गवईदादा यांची अकरा वर्षांची मुलगी शांता टायफॉईडनं दवाखान्यात होती. हसत होतो खरे, पण जीव सगळ्यांचा तिच्यात अडकलेला.

तापमान नोंदायला आमच्याकडे एक यंत्र होतं. किल्ली दिलेला ड्रम आठवडाभर फिरायचा आणि त्यावरच्या कागदावर पेन जांभळी रेष काढत जायचं. रेष तुटली की कागदामागे कारण लिहायचं, हा नियम. मे महिन्यात ती तुटायचीच, कारण शाईच वाळायची! वरून पत्र आलं, "शाई वेळेवर का घातली नाही?" आमचे देशमुख क्लार्क तणतणले, "घातली होती ना बावा! त्याइले म्हना, एक मे महिना अठी काढून पाहा!"

*

एकदा भर दुपारी रेष एकदम खाली कोसळली. यंत्राची पेटी उघडली, तर पेनाच्या दांडीवर पाल बसलेली! देशमुखांनी कारण लिहिलं, "पाल."

वरून उलट टपालानं प्रश्न आला, "पाल किती वाजता उतरली?"

*

मग देशमुखच किल्ली द्यायला विसरले. दोन दिवसांचा कागद कोरा. त्यांनी हातानंच सुंदर रेष काढून जागा भरली. गवईदादा दवाखान्यातून रिकामा डबा घेऊन थेट ऑफिसात आले, कागद पाहिला आणि म्हणाले, "मंगळवारी दुपारी गारपीट झाली होती, देशमुख. तुमच्या रेषेले एक गार लागली नाही!"

त्यांनी रेष खोडली, मागे "किल्ली द्यायची राहिली" असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. देशमुखांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

शांताच्या तापाचा आलेखही दादा स्वतःच काढायचे. दर चार तासांनी ठिपका, मग रेष. रोज सकाळी आम्ही विचारायचो, "दादा, आज कुठं हाय रेष?" एके दिवशी ते म्हणाले, "शंभराच्या खाली!" देशमुखांनी त्या आनंदात सगळ्यांना जिलबी चारली.

त्याच रात्री मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. आलेखात दुपारी चारची जागा कोरी होती. सिस्टर दादांना म्हणत होत्या, "दोन्हीकडचे आकडे हायेत न दादा. मधात जोडून द्या."

"मोजलं नाही ते जोडत नसतेत, बाई," दादा म्हणाले आणि कागदामागे काहीतरी लिहीत बसले.

ताप पुन्हा चढला. पाचव्या दिवशी शांता गेली. देशमुख ऑफिसात लहान मुलासारखे रडले. मीही रडलो.

*

दादांच्या घरी शांताचा फोटो नव्हता. भिंतीवर चौकटीत तो आलेख होता. कोणी ना कोणी विचारायचंच, "दादा, अठी रेष कावून तुटली?"

दादा त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवायचे.

"चार वाजता शांता गानं म्हनून राह्यली होती. तिच्या तोंडात थर्मामीटर कसं देऊ?"