गफूरचाचांचा पहिला प्रश्न

गॅरेजात गाडी आली की गफूरचाचा आधी मालकाला विचारत, "रातची कुठं उभी करता?" बॉनेट त्यानंतर. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा चोरीची चौकशी करतोय.

आम्ही पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाडच्या सपाट कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो, आणि आमच्या छोट्या डिझेल गाडीने सकाळी सुरू होणंच सोडलं होतं. किल्ली फिरवली की पांढरा धूर, बाकी काही नाही. बायको पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स. सातची पाळी दोनदा चुकली होती. तिसऱ्यांदा चुकली तर लेखी खुलासा. काचेच्या दारांच्या एका वर्कशॉपमध्ये टायवाल्या इंजिनिअरने लॅपटॉपकडे शोकसभेच्या चेहऱ्याने बघत सांगितलं, "इंजिन संपलंय. उघडावं लागेल."

तिथून गाडी ओढून चाचांकडे नेली. त्यांच्या त्या प्रश्नावर मी म्हटलं, "आता अंगणात उभी असते. वाडीत उतारावर असायची."

"आणि सकाळी गियरात टाकून उतारावर सोडायचात?"

"सगळी वाडी तसंच करते."

"तेच तर! थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग कवाच मेले, उतारानं कळू नाय दिलं. घाटात धापा टाकते?"

"अजिबात नाही."

"मग त्या टायवाल्याला सांगा, मयत दुसऱ्या घरात हाय."

कुवेतमध्ये उभी हयात ट्रक दुरुस्त केलेल्या या माणसाचं यंत्र म्हणजे बॅटरीला जोडलेला एक बल्ब. त्याची मोकळी तार त्यांनी एकेका प्लगला टेकवली. पहिल्याला बल्ब लागला. पुढच्या तिघांना अंधार, म्हणजे ते मेलेले. चारही प्लग नवे बसवून ते म्हणाले, "आत्ता सुरू झाली त्याला अर्थ नाय. थंड इंजिनच खरं बोलतं."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते स्वतः अंगणात हजर. बायकोने घाईने किल्ली धरली.

"थांब गो बेटी, समोरचा पिवळा दिवा विझूदे, म्हंजे प्लग तापले. ...हां, आता मार!"

पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली. चाचांनी गाडीकडे पाहिलंही नाही. ते माझा चेहरा बघत होते. बायको पाळीवर वीस मिनिटं आधी पोचली, आणि दवाखान्यात दिवसभर तोच विषय झाला.

ही हकीकत मी त्या इंजिनिअरला मुद्दाम जाऊन सांगितली. त्याने टाय सैल केला. पुढे कधीतरी त्या वर्कशॉपच्या छापील फॉर्मवर एक नवा रकाना दिसला : 'गाडी रात्री कुठे उभी असते? सपाट / उतार'. मी तो चाचांना नेऊन दाखवला.

चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचला. "नाव नाय टाकलं माझं," म्हणाले, आणि पोटभर हसले.

चाचा गेल्या वर्षी गेले. रकाना अजून आहे, आणि तो भरल्याशिवाय तिथे कुणी बॉनेट उघडत नाही.