हळूमामांचा थांबा

हळूमामांवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच वेळी निगडीतल्या एका स्टुडिओने मामांच्या आवाजातलं पुस्तक ॲपवर चढवलं आणि मी ते कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या ऐकायला घेतलं. आवाज त्यांचाच होता. शब्द सगळे जागेवर होते. फक्त वाचताना मामा जिथे जिथे थांबले होते, तिथला प्रत्येक थांबा कापून टाकलेला होता. ही गोष्ट ज्यांना किरकोळ वाटते, त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

मामांनी चाकणच्या एका कंपनीत, मोटारींच्या दारांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढली. तिथे कानात बोळे घालून काम करावं लागतं आणि माणसं बोलत नाहीत, ओरडतात. घरी गेल्यावरही ओरडतात, बायका वैतागतात. मामा मात्र कधी ओरडले नाहीत. समोरच्याच्या जवळ जायचे, त्याने आपल्याकडे बघेपर्यंत वाट बघायचे आणि एकेक शब्द ओठांनी पुरा करून हळू बोलायचे. पहिल्या खेपेलाच कळायचं. "आवाजावर आवाज घातला तर दोन आवाज होत्यात," ते म्हणायचे, "बोलनं न्हाई होत." त्यावरून कोणीतरी हळूमामा म्हणालं आणि तेच नाव राहिलं. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस. शेतावर टॉवर उभा राहिला, त्यातच चौथ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला. बोली मात्र त्यांनी खाली ठेवली नाही, बरोबर वर नेली.

मी त्याच कंपनीत क्वालिटीला, कंत्राटी. आमच्या कंत्राटी कामगारांच्या समितीची पत्रकं मी लिहिते, म्हणून मामा मला पत्रकबाई म्हणायचे. आमची ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. निगडीहून निघणारी, मोशीवरून चाकणला जाणारी पहिल्या शिफ्टची बस. मामा ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर बसायचे, तोंड मागे करून, मांडीवर गावच्या वाचनालयातलं पुस्तक. ट्रॅफिक लागलं की पुस्तक उघडायचं आणि चाकणला ट्रॅफिक लागत नाही असा दिवस नाही. अख्खी बस ऐकायची. मोबाइलवाले मोबाइल बंद करायचे. मागच्या सीटवरचे तेवढे "मामा, जरा जोरात" म्हणायचे आणि मामा आणखी हळू वाचायचे, मग मागचे आपोआप पुढे येऊन उभे राहायचे.

ते पुस्तकाकडे कमी आणि आमच्या हातांकडे जास्त बघायचे. लातूरकडचा धोत्रे त्यांच्या समोरच तळहातावर तंबाखू मळत बसायचा. त्याचा अंगठा चालू असला की मामा वाचनात जरा पुढे पळायचे. अंगठा थांबला की मामाही थांबायचे. एकदा मी विचारलं, हे काय चाललंय तुमचं? म्हणाले, "ऐकनाऱ्याचं तोंड खोटं बोलतं. मान हलवतो आन् मनात भाजीचा हिशेब करतो. हात खोटं बोलत न्हाई. हात थांबला की समजायचं, गोष्ट पोचली."

त्यांचा एक नियम होता आणि तो फक्त प्रेस शॉपमधल्या माणसालाच सुचेल. सकाळच्या बसमध्ये वाचन नेहमी शांत जागी थांबायचं. कोणी जेवून झोपलंय, कोणी सुखरूप घरी पोचलंय, अशा जागी. एकदा गोष्टीत नवरा दार वाजवत होता आणि आत काय चाललंय ते कळायचं होतं. तेवढ्यात कंपनीचं गेट आलं. आम्ही सगळे म्हणालो, एक पान, मामा, एकच पान. मामांनी ड्रायव्हरला बस गेटबाहेर उभी करायला लावली, पान पुरं केलं आणि मगच आम्हाला उतरू दिलं. तीन मिनिटं उशीर म्हणून सुपरवायझरने झापलं. मामा त्याला म्हणाले, "साहेब, ही पोरं मशिनवर दाराच्या आत काय हाय त्याचाच इचार करत बसली असती. डोकं गोष्टीत आन् बोट प्रेसमधी. मग तुमी काय लिवलं असतं रिपोर्टात?"

परतीच्या बसला मात्र उलटं. तिथे ते ऐन उत्कंठेच्या जागी, अगदी अडवणूक करून थांबायचे. एकदा धोत्रे ऐकता ऐकता दोन स्टॉप पुढे गेला आणि चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी चिडून म्हणाला, "मामा, बायको म्हणायली खोटं बोलायलास." मामा म्हणाले, "तिलाबी आन की उद्या. दोघं मिळून चाला."

मामा रिटायर झाले त्या दिवशी मी बसमधलं त्यांचं शेवटचं वाचन मोबाइलवर टिपून घेतलं. निगडीचा तो स्टुडिओ तेव्हा एका कादंबरीसाठी आवाज शोधत होता. कादंबरी एका गावातल्या बाईची. गावाला शहर येऊन भिडतं, मुलगा फ्लॅट घेतो आणि आईला घर सोडून चल म्हणतो. मी टिपलेलं वाचन पाठवून दिलं आणि त्यांनी मामांना बोलावलं.

पहिल्या दिवशी मामा आत गेले, चपला काढल्या, घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि काचेपलीकडच्या पोराला विचारलं, "सांगायचं कुनाला?" तो पोरगा सूरज, रेकॉर्डिंग आणि कापाकापी दोन्ही तोच करायचा. तो म्हणाला, माइकला सांगा. मामांना ते पटलं नाही. माइकला हात नसतात. शेवटी मला काचेपलीकडे समोर बसवलं आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून दिली. "निवड," म्हणाले. मग माझी सेकंड शिफ्ट असेल त्या सगळ्या सकाळी मी निगडीत बसून मामांकडची मेथी निवडली. मी नसले की त्यांच्या सूनबाई यायच्या.

त्या कादंबरीत एक जागा आहे. मुलगा विचारतो, "मग येशील ना?" आणि आई म्हणते, "येते की." छापील पुस्तकात या दोन ओळी एकाखाली एक आहेत, मध्ये काही नाही. मामांनी मुलाचा प्रश्न वाचला आणि ते थांबले. मला वाटलं ओळ चुकली. मग दिसलं, त्यांची बोटं टेबलावर हलत होती, काहीतरी वेचून बाजूला टाकत होती. बराच वेळ. माझ्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "येते की."

बाहेर आल्यावर मी विचारलं, टेबलावर काय वेचत होतात?

"तांदूळ," मामा म्हणाले. "माझ्या आईला मी फ्लॅटचं इचारलं तवा ती तांदूळ निवडत हुती. सुपातले खडे संपेस्तवर बोलली न्हाई. मग म्हनली, येते की. मला तवा वाटलं, खूश हाय. लई वर्सांनी कळलं, तेवढ्या येळात तिनं सगळं घर फिरून घेतलं असंल."

आणि स्टुडिओने हेच कापलं. कॅन्टीनमध्ये माझ्या कानात मुलगा म्हणाला येशील ना आणि त्याच दमात आई म्हणाली येते की. म्हणजे बाई घर सोडायला टपूनच बसली होती. एका बाईचं अख्खं आयुष्य खोटं करून टाकायला एक शब्दही बदलावा लागला नाही.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. जाहीर निषेध, कलाकाराचा गळा घोटला, धिक्कार असो, सगळं. संध्याकाळी मामांच्या गॅलरीत नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीत थांबले.

"पत्रकबाई, ह्यात दम घ्यायला जागाच न्हाई की गं. वाचनारा मधीच मरंल. मग अन्याय कोन ऐकंल?"

"मामा, त्यांनी तुमचे थांबे कापलेत आणि तुम्ही माझे मोजताय?"

"मोजनारच. त्यानं कापले, तू घातलेच न्हाईस. फरक काय?" चष्मा काढून म्हणाले, "पत्रक ठेव पिशवीत. आधी जाऊन इचारू. मला बाकी काय नगं, फकस्त आईचा थांबा परत पायजे."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी आम्ही निगडीला गेलो. सूरजने चहा मागवला, खुर्ची दिली, नमस्कार केला. मला तो उद्धट असता तर बरं वाटलं असतं.

"मामा, मी मुद्दाम नाही काढलं," तो म्हणाला. "लोकं दीडपट स्पीडनं ऐकायलेत. शांतता आली की त्यांना वाटायलंय ॲप अडकलं, बंदच करतेत. म्हणून सॉफ्टवेअर लावलंय, ते सगळ्या थांबलेल्या जागा आपोआप काढून टाकतंय."

मी पिशवीत हात घातला. मामांनी मला नजरेनेच बसवलं.

"आई कुठं असती रं तुझी?" त्यांनी सूरजला विचारलं.

"गावाकडं. परभणीकडं. एकटीच असती."

"हिकडं ये म्हनलास का कधी?"

"म्हणलो की. दिवाळीत."

"मग काय म्हनली?"

सूरजने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. चहावर साय धरली. मामा त्याच्या हाताकडे बघत बसून राहिले, घाई केली नाही. मग तो म्हणाला, "बघू म्हणली."

"आता तू जेवढा थांबलास ना," मामा म्हणाले, "तेवढा. त्यातला निम्मा दिलास तरी चालंल."

सूरजने तिथेच मूळ रेकॉर्डिंग उघडलं. आईचा थांबा पुरा परत घातला, निम्मा नाही. मग हेडफोन लावून दुपारपर्यंत एकेक जागा हाताने जोडत बसला. मामा शेजारी बसून कुठली हवी ते सांगत होते. निम्म्याअधिक जागा परत आल्या. मी अडून बसले, बाकीच्यांचं काय, सगळ्या मिळाल्याच पाहिजेत. मामा म्हणाले, "बाकीच्या ठिकानी मी नुसता खोकला गिळत हुतो. त्या ऱ्हाऊ दे कापलेल्या." लढा असा माझ्या हातातून निसटला. पत्रक पिशवीतच राहिलं. पुढे मी ते घरी मोठ्याने वाचून बघितलं आणि सहाव्या ओळीला मला खरोखर धाप लागली.

मामा या माघात गेले. झोपेत, शांत जागी. त्यांच्या सकाळच्या नियमाप्रमाणे. आदल्या आठवड्यात मी भेटले तेव्हा गॅलरीत बसून स्वतःचंच पुस्तक ऐकत होते, समोर सूनबाई भाजी निवडत होत्या आणि मामांचं लक्ष त्यांच्या हातांवर होतं. मला म्हणाले, "दोनदा थांबली." असा तृप्त चेहरा मी पगाराच्या दिवशीसुद्धा कोणाचा पाहिलेला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक पत्रक आधी कोणाला तरी वाचून दाखवते आणि त्याच्या हातांकडे बघते. पत्रकं लहान झाली आहेत. माणसं ती शेवटपर्यंत ऐकतात.

बसमध्ये आता बॉनेटवर कोणी बसत नाही. सगळ्यांच्या कानात आपापलं काहीतरी असतं. परवा धोत्रेच्या मोबाइलवर मामांचं पुस्तक दिसलं म्हणून मी वाकून बघितलं, तर दीडपट वेगावर. मी न विचारता त्याचा मोबाइल घेतला आणि वेग खाली आणला. तो म्हणाला, "ताई, वेळ कुठंय?" म्हटलं, तंबाखू मळ. चाकण चौक यायच्या आत त्याचा अंगठा थांबला.

आता तुम्ही. मोबाइल काढा आणि वेग एकपटीवर आणा, आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच. कोणी वाचत असेल तर त्याला त्याच्या चालीने वाचू द्या. आणि मुलगा "येशील ना" म्हणाल्यावर कानात काहीच येईनासं झालं, तर स्क्रीनवर बोट मारू नका. काही अडकलेलं नाही. ती तांदूळ निवडते आहे. तिचं सूप निवडून होईपर्यंत थांबा.