सगुणने शपथ मोडली नव्हती

"कंपाउंडरानू, एक तरी गोळी व्हयी. तेच्या हातात वाटी ऱ्हवणा नाय."

सगुण होडीवाल्याची बायको आनंदी दवाखान्याच्या खिडकीशी उभी होती. मी म्हणालो, "देवासमोर शपथ घेतलीय त्याने. विसरलीस?" ती गेली. गोळ्यांची बाटली माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. सगुण आरोंद्याच्या खाडीत होडी चालवायचा. पूर्वी मुंबईच्या गोदीत असताना त्याला कुणी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या सुटल्याच नाहीत. आमच्या डॉक्टरांनी उपाय ठरवला. गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या आणि दर आठवड्याला मात्रा थोडी कमी करायची. याला ते 'उतरवणं' म्हणत. "एकदम बंद केलंस तर आकडी येईल, माणूस जाईल," असं मला बजावून ते आठवडाभर बेळगावला गेले.

मला ते लाड वाटले. चार वर्षं औषधं ढवळून मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो. सगुण पुड्या न्यायला आला तेव्हा मी चारचौघांत त्याला डिवचलं, "मर्द आसस मा? मग थेंब थेंब कसली सोडतस? देवाक नारळ ठेव आनि एका दिसात सोड."

तो हसला. "तुमी म्हणतास तर सोडलंय." त्याच संध्याकाळी त्याने नारळावर हात ठेवून शपथ घेतली. पुड्या खिडकीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी झोप उडाली, हात थरथरू लागले. तिसऱ्या दिवशी आनंदी आली, तिला मी परत पाठवलं. दुपारी आकडी आली. एक थांबेपर्यंत दुसरी. संध्याकाळी सगुण गेला.

बेळगावहून परतल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पुड्या?"

"नेल्याच नाहीत त्याने," मी म्हणालो. तेवढंच खरं सांगितलं.

गाव म्हणालं, चोरून गोळी खाल्ली म्हणून देव कोपला. आनंदीने हे मरेपर्यंत ऐकलं. बोलणाऱ्यांत मी बसत होतो. एकदा मानही डोलावली. त्या मानेची मला आजही चीड येते.

अंगवळणी पडलेली गोळी डॉक्टरच्या नजरेखाली हळूहळू उतरवायची असते. तिथे मर्दपणाचं काम नाही. सगुणने शपथ मोडली नव्हती. मोडली असती तर जगला असता.