अण्णांचं मोडी पत्र

गाडी हलायच्या आधी अण्णांनी खिडकीचे गज धरले आणि म्हणाले, "सगळ्यांनी वाचावं असं असेल ते साध्या बालबोध अक्षरात लिहीन. फक्त तुझ्यासाठी असेल ते मोडीत. तुला येतंच." मी म्हणालो, "हो अण्णा, येतं." उज्जैन स्टेशनवर आई डोळे पुसत होती, शांता पुरीभाजीचा डबा आत सरकवत होती, आणि मी, विलायतेला निघालेला दीडशहाणा, बापाशी धडधडीत खोटं बोललो. शांताच्या मुलांनो, माधवनगरच्या घरात तुम्ही माझा फोटो लावलाय, आल्यागेल्याला 'लंदनवाले मामा' म्हणून दाखवता. पुरे झालं ते कौतुक. म्हणून हे लिहितोय.

अण्णा ग्वाल्हेर संस्थानाच्या उज्जैनच्या कचेरीत कारकून. मोडी, म्हणजे हात न उचलता झरझर लिहायची आपली जुनी लिपी, हीच त्यांची विद्या. पणजोबांपासून आमचं घर तिच्यावरच चाललेलं. लहानपणी आंघोळ झाली की अण्णा मला पाटावर बसवून मोडीचा एक कित्ता वाचायला लावत. मला भारी कंटाळा. मी तो कित्ता तोंडपाठ केला आणि ओळींवरून बोट फिरवत घडाघडा म्हणायला लागलो. अण्णा इतके खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून ऐकवायचे, "पोराला मोडी आली!" त्यानंतर खरं सांगायची माझी हिंमतच झाली नाही.

स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत झाला. अण्णांनी पेढे वाटले. मग हुकूम आला की कचेरीचं सगळं काम हिंदीत. नवे साहेब त्यांच्या टेबलापाशी थांबून सगळ्यांदेखत म्हणायचे, "बड़े बाबू, ये क्या चींटियाँ चला रखी हैं?" अण्णा हसून घ्यायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. मी विलायतेत असताना मध्यभारतही मोडला, राजधानी भोपाळला गेली, दप्तरं ट्रकात भरून कुठेतरी रवाना झाली आणि अण्णा घरी बसले.

मला शिष्यवृत्ती मिळाली ती लंडनला इंग्रजी आणि तुर्की एकत्र शिकून एकच पदवी घ्यायची. एका भाषेत गचकलात की दोन्ही गेल्या. गल्लीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. "अरे भैया, तुर्की पढ़के क्या घोड़े बेचोगे?" मला मात्र असं काहीतरी यायला हवं होतं जे आख्ख्या उज्जैनात कोणाला येत नाही. खरं सांगू? मला अण्णांसारखं व्हायचं नव्हतं.

सकाळी इंग्रजी, दुपारी तुर्की, मध्ये उकडलेले बटाटे. तुर्कांनी आपली जुनी अरबी अक्षरं सोडून रोमन घेतली होती, पण आम्हाला दोन्ही शिकावी लागायची. आमच्या बाई इस्तंबूलच्या. एकदा म्हणाल्या, माझ्या वडिलांची पत्रं माझ्या मुलांना वाचता येत नाहीत. मी अरेरे म्हटलं. माझा निर्लज्जपणा बघा!

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास अण्णांचं पत्र आलं. दोन पानं, अथपासून इतिपर्यंत मोडी. मला वरचं 'श्री' तेवढं कळलं आणि खालची सही. मी मनाची समजूत घातली की सण आहे, आशीर्वाद दिले असतील, कचेरीच्या जुन्या गोष्टी लिहिल्या असतील. लंडनमध्ये मोडी वाचणारा मिळाला नसता असं नाही. पण मग मला येत नाही हे अण्णांच्या कानावर गेलं असतं, म्हणून मी शोधलाच नाही. त्याच आठवड्यात वर्गात, कुणा तुर्की बापाने लढाईवरच्या मुलाला जुन्या अक्षरांत लिहिलेलं पत्र मी न अडखळता वाचलं. बाईंनी शाबासकी दिली. खोलीवर येऊन मी अण्णांना उत्तर टाकलं, पत्रात लिहायची रीत असते तसं: "आपले पत्र पावले. वाचून आनंद झाला. इकडे परीक्षा जवळ आली आहे. प्रकृतीस जपावे."

माघात तार आली. अण्णा गेले. बोटीने पोचायला आठवडे लागणार, त्यामुळे मी गेलोच नाही. रामघाटावर त्यांचा दहावा माझ्या चुलतभावाने केला.

पदवी घेऊन परतलो तेव्हा अण्णांचे कचेरीतले सोबती मोघेकाका भेटायला आले. आई आत होती. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. "काका, अक्षर जरा लागत नाही." काकांनी मनातल्या मनात वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "तू हे तेव्हा वाचलं नाहीस?" मग त्यांनी हळू आवाजात वाचून दाखवलं. इंदूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली आहे, चार-पाच महिने म्हणतात. तुझ्या आईला, शांताला सांगितलेलं नाही, म्हणून मोडीत लिहितो. तुला एकदा बघावंसं वाटतं. येता येईल का, एवढं हो किंवा नाही कळव. नाही म्हणालास तरी राग नाही.

काकांनी पत्राची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "तुझं उत्तर त्याने मला दाखवलं होतं. तुला काय विचारलंय ते सांगेना. एवढंच बोलला, नाही म्हणतो आहे. बरोबरच आहे, परीक्षा आहे त्याची."

आई शेवटपर्यंत म्हणायची, तुझं पत्र आलं आणि ते अगदी शांत झाले. मी तिला ते तसंच समजू दिलं. तुमच्या आईलाही बोललो नाही. लंडनला परत आलो, तुर्की शिकवत आयुष्य काढलं. इकडे आलेले आपले लोक जमले की उज्जैनच्या पोह्यांच्या, शिप्रेच्या गप्पा मारतात, गहिवरतात. मी विषय बदलतो. तुम्ही दर पत्रात विचारता, मामा, घरी कब आओगे? घरून मला एकदाच मनापासून बोलावणं आलं, आणि मी नाही म्हणालो असं समजून बोलावणारा माणूस गेला. माझं घर म्हणजे आता ते न दिलेलं उत्तर. तिथे कुठल्या तोंडाने येऊ?

नोकरी संपल्यावर मी मोडी शिकायला बसलो. मनात धास्ती होती की फार अवघड असेल. खरं तर तशी आशाच होती. सहा आठवड्यांत आली.