आजीच्या लुगड्याची कांगारू झोळी

गेल्या आठवड्यात उल्हासनगरला, आमच्या कॅम्प पाचमध्ये, माझ्या शिलाई मशीनवर चक्क कांगारू आलं... घाबरू नका, सांगते सगळं.

माझी मोठी नणंद सुजाताताई इथल्याच एका सरकारी हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिचा फोन आला की विनंती वगैरे नसते, थेट ऑर्डर असते. बाळाला आईच्या छातीशी बांधून ठेवायच्या झोळ्या हव्यात, शिवून दे! कमी वजनाचं बाळ असं उघड्या छातीला लावून ठेवलं की त्याला ऊब मिळते, वजन धरतं. त्याला कांगारू केअर म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं.

मी ब्लाउज आणि गाऊन शिवणारी बाई... पण असला जोश चढला म्हणून सांगू! शेजारच्या जया आंटींचं होजिअरीचं दुकान आहे. त्यांनी "ले जा बेटा, बच्चों का काम है" म्हणत मऊसूत कापड काढून दिलं. गुलाबी, पिवळं, वर टेडीबेअरची प्रिंट. मी तर पायपिंगसुद्धा लावलं. वॉर्डात पायपिंग कोण बघणार, पण माझा हात कुठला ऐकतोय!

पहिली झोळी वनिताला दिली. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची विशीतली पोरगी. तिचं बीपी वाढलेलं पाड्यावरच्या आशाताईंनी वेळेत हेरलं आणि जीप करून तिला घेऊन आल्या, म्हणून दोघी वाचल्या. पण मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली... मांजराच्या पिल्लाएवढी.

वनिताच्या अंगात अजून ताकद नव्हती. बाळाला हाताने धरून धरून दमायची, खाटेवर ठेवायची, की बाळाचे पाय गार. ताईला एकच घोर लागला होता... बाळ गार पडता कामा नये. झोळी त्याचसाठी होती.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या कौतुकाने बघायला गेले. बघते तर काय, झोळी उशीखाली नीट घडी घालून ठेवलेली आणि बाळ खाटेवर! माझं डोकंच फिरलं. एवढ्या मायेने शिवलंय, बाळाला ऊब नको का, असं बरंच काही बडबडले. ताई डोळे वटारत होती, पण मी सुटले होते.

वनिताची सासू शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पाचवी पुजली नाय अजून. नवा कापड पोरीचे अंगाला कसा लावू?"

झालं... अहो, माझ्या स्वतःच्या मुलाला पहिलं झबलं सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं होतं. बाळाला आधी जुनंच कापड घालायचं, हे आमच्याकडेही आहेच की. आणि मी शहाणी टेडीबेअर मिरवत आले होते.

पाचवी ते घरी गेल्यावर पुजणार. घरी कधी सोडणार, तर वजन वाढल्यावर. आणि वजन वाढायला आधी ऊब हवी... आता वाद घालून काय उपयोग होता? मी सरळ विचारलं, "आजी, तुमचं एखादं जुनं लुगडं आहे का?"

आजींनी पिशवीतून काढलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की गालाला लावून बसावंसं वाटलं. ताईने लगेच अट घातली, गरम पाण्यात उकळायचं आणि कडक इस्त्री मारायची, त्याशिवाय वॉर्डात आणायचं नाही.

रिक्षाने तडक घरी आले. जया आंटींना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, हमारे में भी तो छोटे को पहले पुराना ही पहनाते हैं!" दोघींना आठवू नये म्हणजे कमालच ना... पोट धरून हसलो. मग उकळायला टोप त्यांचा, इस्त्री त्यांची, शिलाई माझी.

संध्याकाळी झोळी घेऊन गेले. आजींनी काठावरून बोटं फिरवली आणि वनिताला स्वतःच्या हाताने बांधून दिली. बाळ आत शिरलं, नाक तेवढं बाहेर... आणि वनिता किती दिवसांनी निवांत टेकून बसली. आई दमली की घरातलं कुणीही बाळाला असं घेऊ शकतं, हे ताई आजींना आल्यापासून सांगत होती, पण त्या लाजायच्या. त्या दिवशी वनिताचा डोळा लागल्यावर त्यांनी आपणहून पडदा ओढला आणि नातीला आपल्या छातीशी घेतलं.

आता माझ्या घरात जुन्या साड्यांचा ढीग पडलाय. अंबरनाथ पूर्वच्या मैत्रिणी, बदलापूरची मावशी, आमची अख्खी बिल्डिंग... जो तो पाठवतोय. फक्त सुती द्या गं बायांनो! एकीने जरीची सिल्क पाठवली, आता बाळाला काय लग्नाला न्यायचंय?

काल परत वॉर्डात गेले. बाळाने वजन धरलंय, पाय छान कोमट, ताई खुशीत. बाळ आजींच्या छातीशी होतं. मला वाटलं, आता आजी माझं कौतुक करणार...

तर आजी म्हणतात, "जेवल्यावर पोटाला आवलतंय. जरा ढिली शिव."

म्हणजे जेवतानासुद्धा पोरीला खाली ठेवत नाहीत!

फिटिंगच्या तक्रारी ऐकल्या की एरवी मी जाम वैतागते. काल मात्र डोळे भरून आले. आजी तशाच उभ्या राहिल्या, नात छातीशी झोपलेली... आणि मी पोटाजवळचे टाके हळूहळू उसवत होते. देवा, अशी गिऱ्हाइकं रोज पाठव रे बाबा.