तक्रारीचा ससा

"जिता हाय ना?"

वाडीच्या फाटकातून कुणीही टोपली घेऊन आत आलं, की काकांचा पहिला प्रश्न हा. टोपलीत भाजी असो, मासळी असो, नाहीतर शेजारणीनं पाठवलेली केळी असोत. आधी ते हात धोतराला पुसायचे, मग एक पाऊल मागं सरकायचे आणि लांबूनच विचारायचे. बोंबीलवाली कोळीण एकदा वैतागून म्हणाली, "सुके बोंबील हायेत काका, जिते कसे असतील?" तेव्हा कुठं ते पुढं आले.

तुम्हीही भित्री माणसं पाहिली असतील. पण काकांचं भिणं काही औरच होतं. ते साहेबाला भीत, साहेबाच्या जीपला भीत, टेलिफोनला तर तो बंद असतानाही भीत. आणि एवढ्या भित्र्या माणसानं धंदा कुठला धरावा, तर ससे विकण्याचा!

साठच्या दशकाची ती मधली वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथं नकाशे काढायच्या कामाला लागलो होतो. बोईसर-तारापूर रस्त्यालगतच्या काकांच्या वाडीत मी एक खोली भाड्यानं घेतली होती. वाडीत विड्याच्या पानांचे वेल होते. वेल चढवायला पांगारे लावलेले, आणि पांगाऱ्याचा पाला सशांना फार आवडतो. काकांच्या सफाळ्याच्या मेहुण्यानं पांढऱ्या सशांची एक जोडी आणून दिली आणि बघता बघता घरामागं खुराड्यांची रांग उभी राहिली. पुढं कामावरच्या साहेबलोकांची कॉलनी वसली, त्यांच्या मुलांना करमेना, आणि मी ऑफिसात सांगत सुटलो की आमच्या वाडीत ससे मिळतात. गिऱ्हाइकं अशी माझ्यामुळं आली. त्यांच्या मागोमाग तक्रारीही आल्या, टोपल्यांतून ससे परत येऊ लागले, आणि काकांचं 'जिता हाय ना?' सुरू झालं.

फाटकाशी जीप थांबली की काका पानवेलींच्या आड. मग काकींनी हाक मारायची, "आवं, या भायेर! त्याइला तुमचं धोतर दिसतंय." काका बाहेर यायचे. पण एकदा आले की पळून जायचे नाहीत, हे मात्र मी सांगायलाच हवं. तक्रारवाल्याला ते ओट्यावर बसवायचे, शहाळं सोलून द्यायचे आणि सगळं ऐकून घ्यायचे. मोठ्यांचं ऐकून झालं की सोबत आलेल्या लहान मुलाला जवळ घेऊन विचारायचे, "तू सांग बाळा, काय झालं?" खरी हकिगत तिथं कळायची.

एका बाई नर-मादी म्हणून नेलेली जोडी परत घेऊन आल्या. दोन्ही माद्या निघाल्या होत्या. काकांनी दोन्ही उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "माजीच चूक, बाई. लहानपनी समदे सारकेच दिसतात." दुसरे एक गृहस्थ सायकलच्या कॅरिअरवर खोकं बांधून आले. "तुमच्या सशाला खरूज आहे. पोटावरचे केस झडतायत." काकांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून पिलांसाठी गादी करत होती, आणि या गृहस्थांनी तिला खडीच्या रस्त्यावरून गचके खात आणलं होतं. काका खोकं छातीशी धरून आत गेले. कामावरचा एक उत्तरेकडचा मजूर तर तक्रार घेऊन आला की, "चाचा, ये तो बोलता ही नहीं!" त्याला पोपटासारखं काहीतरी हवं असावं. काका म्हणाले, "नाय बोलत तेच बरं. ससा वरडतो तवा त्याचा जीव जायाला आलेला असतो."

कुठल्याही तक्रारीवर त्यांचं निदान एकच. "भ्याला असंल." खात नाही? भ्याला असंल. कोपऱ्यात बसतो? भ्याला असंल. मेला? तरी तेच. मला आधी हसू यायचं. पण ससा खरंच नुसत्या भीतीनं मरतो, हे पुढं मी डोळ्यांनी पाहिलं.

एकदा दुपारी एक लाल कुत्रं वाडीत घुसलं आणि खुराड्याच्या जाळीत तोंड घालून झटू लागलं. काकांनी लांबूनच जळणाची फाटी फेकून फेकून त्याला हाकललं. एका सशाच्या कानाला ओरखडा दिसला. जाळीची तार लागली असेल, म्हणून काकींनी हळद भरली. तो ससा पुढच्या रविवारी आमच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअरसाहेबांनी त्यांच्या मुलीसाठी नेला. पाच-सहा वर्षांची होती ती. शाळेत जायला लागलेली, समोरचे दोन दात पडलेले.

आणि मग कोळीवाड्यातून बातमी आली, की त्या लाल कुत्र्याला लोकांनी मारलं. पिसाळलेलं होतं.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. उद्या सकाळी कॉलनीत जाऊन ससा परत आणू, असं म्हणत राहिले. पण त्याच संध्याकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. साहेब मुलीला घेऊन आले होते. तिच्या बोटाला फडकं बांधलेलं होतं आणि साहेबांच्या हातात ससा असलेली टोपली होती.

"काका, हा चावरा निघाला. जरा गरीबसा द्या बदलून," साहेब हसत म्हणाले.

बदलून देणं किती सोपं होतं! खुराड्यात वीस-पंचवीस पांढरे ससे होते. काका मुलीच्या बोटाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हे पळतील.

"सायेब," ते म्हणाले, "याला कुत्र्यानं तोंड लावलं असंल. त्ये कुत्रं येडं होतं. पोरीला दाक्तरकडं न्या. आत्ताच्या आत्ता न्या."

साहेबांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्या काळी कुत्रं चावणं म्हणजे रोज पोटात एक जाडजूड सुई, आणि सुई घेतली नाही तर काय होतं ते गावात पाहिलेले लोक सांगायचे. माणूस तहानेनं तडफडतो आणि पाण्याचा पेला पुढं केला की किंचाळतो. पालघरच्या डॉक्टरांनी जखम धुऊन काढली आणि सांगितलं, "सशाकडून हे होत नाही सहसा. पण दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. धडधाकट राहिला तर मुलीला काही नाही. मधेच मेला, तर मात्र इंजेक्शनं लगेच सुरू करू."

म्हणजे मुलीचा जीव सशाच्या जिवावर टांगला. आणि जनावर कुठलं? तर दार आपटलं तरी छाती फुटून मरणारं.

भरीला रोज दोनदा पलीकडच्या खडीच्या खाणीत सुरुंग उडायचे. आधी भोंगा व्हायचा, मग जमीन हादरायची. भोंगा झाला की काका असतील तिथून धावत सुटायचे. ओटीवर आणून ठेवलेल्या खुराड्यातून ते जाड हातमोजे घालून ससा काढायचे, काकींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचे आणि दोन्ही तळहात त्याच्या कानांवर दाबून धरायचे. सुरुंग उडाला की दोघंही एकदमच दचकायचे. मी कामावरून लवकर आलो की समोर बसायचो. उगाच कशाला खोटं सांगू, त्या दिवसांत मी खोलीचं दारसुद्धा हळू लावायचो.

ससा पाणी प्यायला की काका ओरडायचे, "प्याला! पानी प्याला!" काकी चुलीपुढून देवाला हात जोडायच्या. साहेब रोज ऑफिस सुटल्यावर येत, पण फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. तिथूनच विचारत, "कसा आहे?" काका सांगत, "प्याला, सायेब." मग स्कूटर वळायची. एक दिवस ससा पाल्याला तोंडच लावेना, तेव्हा काकांनीही अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोघंही जेवले.

दहा दिवस सरले. डॉक्टरांनी मुलीला पाहून, गालाला चिमटा काढून घरी पाठवलं. ससा तिला परत हवा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पोचवायचा ठरला. त्या दिवशी दुपारी काका ओटीवर आडवे झाले आणि किती दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

त्या दिवशी भोंगा वाजला नाही. बिघडला होता म्हणे. सुरुंग मात्र उडाला. मी खोलीत होतो. भिंतीवरून माती गळली आणि लगेच ओटीवरून एक किंकाळी आली, लहान मुलाची वाटावी अशी. बाहेर येऊन पाहतो तर काका खुराड्यापुढं बसलेले, आणि ससा आडवा पडलेला. पाय ताणलेले.

"भ्याला," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "का त्या रोगानं ग्येला, भाऊ?"

"अहो, दहा दिवस होऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलंय ना?" मी म्हणालो. पण माझ्या आवाजात दम नव्हता.

काकींनी मात्र हिशेबानं विचार केला. "समदे पांडरेच तर हायेत. दुसरा न्या. पोरीला काय कळतंय? तिच्या माऊलीला कशाला जाळता?"

काकांनी खरंच दुसरा ससा काढला. टोपलीत ठेवला, वर फडकं बांधलं, टोपी घातली. फाटकापर्यंत गेले. तिथं बराच वेळ उभे राहिले. मग परत येऊन त्यांनी ससा खुराड्यात सोडला आणि रिकामे हात हलवत निघाले. मी त्यांच्यासोबत गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "पोरीच्या आयला वाटंल ससा जिता हाय. उद्या पोरीला ताप आला तर बाई सादा ताप समजंल."

दार साहेबांच्या बायकोनं उघडलं. काकांचे रिकामे हात पाहूनच तिनं चौकट धरली.

"बाई, ग्येला. सुरुंगानं ग्येला, आसं मला वाटतं. पन मी झोपलो होतो."

ती एकदम ओरडली, "जा तुम्ही! पुन्हा या दारात येऊ नका. तुम्हाला बघितलं की माझ्या काळजाचं पाणी होतं." आत मुलगी काहीतरी गाणं म्हणत होती. काका हात जोडून पायऱ्या उतरले.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, भीती नाही. पण डॉक्टरांनी सांगून भीती जात असती तर काय हवं होतं? कोळीवाड्यात कुणीतरी काकांना सांगितलं, की ते विष वर्षानंही उठतं. तेव्हापासून काकांनी ससे विकणं बंद केलं, आणि दर रविवारी सकाळी ते टोपी घालून बाहेर पडू लागले. कुठं जाता विचारलं की म्हणायचे, "आसंच. जरा कॉलनीकडं."

मला उलगडा झाला तो एका रविवारी साहेबांकडं नकाशे द्यायला गेलो तेव्हा. रस्त्यापलीकडं भेंडाच्या मोठ्या झाडाखाली काका उभे होते, अर्धे खोडाआड. मुलगी व्हरांड्यात खेळत होती. थोड्या वेळानं तिला तहान लागली, तिनं आत जाऊन पेला आणला आणि घटाघटा प्यायली, अर्धं पाणी फ्रॉकवर. झाडाखाली काकांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि ते घराकडं वळले.

बाईंनीही त्यांना पाहिलं होतं. मला वाटलं, आता हाकलतील. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पाहिलं, त्यांनी स्वतः पेला भरून आणला, खेळत्या मुलीला हाक मारली आणि व्हरांड्याच्या अगदी कडेला उभी केली. "इथंच पी," म्हणाल्या. रस्त्यापलीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग दर रविवारी हे असंच चालू राहिलं. दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत.

वर्ष उलटायच्या आत काका गेले. कावीळ झाली आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. दुखण्यातही, काकी सांगत होत्या, कुठला वार आहे ते विचारायचे.

ते शुक्रवारी गेले. रविवारी मीच कॉलनीत गेलो. सांगायला कुणीतरी जायलाच हवं होतं. बाई व्हरांड्यात होत्या. मुलीच्या हातात भरलेला पेला होता आणि तिनं तो तोंडाला लावला होता. बाईंची नजर रस्त्यावर. मी फाटकाशी पोचलो, पण कडीला हात लावायचं धैर्य होईना.

"थांब गं," बाई मुलीला म्हणाल्या. "सगळं पिऊ नकोस एवढ्यात. आजोबा अजून आले नाहीत."